साडेबारा ते साडेतीन

जून ते ऑगस्ट इथे कायदाच आहे:
साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम नाही.
तीन तास सावली, सरकारी शिक्क्याची.
बरकाच्या किनाऱ्यावर, खाऱ्याचं गोडं करणाऱ्या
कारखान्याच्या कुंपणाशी
एका कंटेनरच्या पोटात आम्ही अकराजण
आणि बाराव्या माणसासारखा खोकणारा एसी.

तन्वीर परकार, दाभोळचा, वय तेवीस,
परांचीवरचा हेल्पर,
आडवा पडून मोबाईलमध्ये वाळू पाडत असतो.
खेळच तसला. जिंकणं नाही, हरणं नाही.
वाळू, मीठ, वीट, कोळसा, तेल, पाणी,
एकेक कण बोटाने टाकायचा
आणि मग वेळ सुरू करायची:
जड ते खाली जातं, तेल पाण्यावर चढतं,
लाकूड पेट घेतं.
हा मात्र वेळ थांबवून ठेवतो
आणि थांबलेल्या वेळेत चित्र काढतो.
आज माठ.

म्हटलं, मलाही दे.
क्लॅम्प आवळून जाड झालेल्या बोटांनी
वाटोळं काढलं, मध्ये उजळ, कडेकडेने गडद.
तो हसला. "चाचा, ही उशी झाली, माठ नाय.
आधी सूर्य कुठं ते ठरव."

सूर्य?
दाराच्या फटीतून पाहिलं.
इथे जूनमध्ये सूर्य ठरवावा लागत नाही,
तो टाळूवर बसलेला असतो.
खांबाची सावली खांबाच्या पायाशी गोळा,
माझी माझ्या बुटांखाली, जशी तीही सुट्टीवर.

"मग खेळात तरी सरकव त्याला डावीकडे."
सरकवला. चौदा वर्षांत पहिल्यांदा
सूर्याला म्हणालो, जरा बाजूला हो.

डाव्या खांद्यावर मिठाचे चार कण, पाच नकोत.
त्याखाली वाळू, त्याखाली वीट.
सावलीत कोळसा ओतू नको, काळ्याने भोक पडतं;
तिथे लाकूड, आणि लाकडात थोडं निळसर.
निळसर फक्त बर्फ मिळतो. ठेव,
वेळ थांबलीय तोवर टिकेल.
दोन रंगांच्या हद्दीवर रेघ मारू नको,
एक कण याचा, एक त्याचा, चटईच्या विणीसारखा,
लांबून डोळा आपोआप तिसरा रंग शिजवतो.
उजेडाकडची कड अर्धवट सोड,
डोळ्यालाही कामाला लाव.

एक गोष्ट मात्र मीच त्याला सांगितली:
अंधाऱ्या बाजूच्या अगदी तळाशी
उजेडाची एक बारीक ओळ हवी.
इथलं ऊन जमिनीवरूनही वर येतं,
डोक्यावर कितीही गुंडाळा, हनुवटी खालून भाजते.
त्याने वाळूचे सात कण तिथे ठेवले
आणि माठ एकदम जागेवर बसला,
बघून तहान लागावी असा.

"पानी तो भर," कोपऱ्यातून जिबोन.
तोंडाशी निळी धार मारली
आणि माझा अंगठा
वेळेवर पडला.

बर्फ सुटला. मीठ विरघळलं.
वाळू बुडाशी जाऊन बसली,
लाकूड तरंगायला लागलं, एका बाजूला कललं.
फक्त विटा हलल्या नाहीत:
गढूळ पाण्यात मधोमध एक लाल पट्टा,
कशाचा ते आता आम्हा दोघांनाच ठाऊक.
तन्वीर चिडला नाही. बघत राहिला.
"खारं झालं," एवढंच म्हणाला.
मी म्हणालो, कुंपणापलीकडे मशीन आहे त्याला.

साडेतीनचा भोंगा. हेल्मेटं. बाटल्या.
दार उघडलं तर ऊन थोडं तिरकं झालेलं,
खांबांना कड आलेली.
पुढे जिबोन शिडी चढत होता.
पाठीवर निळ्या कापडावर सकाळच्या घामाचं मीठ:
काठाला दाट,
मग एक कण सोडून एक,
मग विरळ,
मग नुसतं कापड.
कुणी बोटाने ठेवावेत इतके नेमके.

तन्वीरला हाक मारून दाखवणार होतो,
पण तो वर पोचला होता,
हात खाली सोडून क्लॅम्प मागत होता.
मी क्लॅम्प दिला.